उसाच्या फडावरची पटनोंदणी

धाराशिव जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे निघतात, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडण्यासाठी ती कर्नाटकातील फडावर पोहोचली की मुलांचे शालेय वर्ष मधोमध तुटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मुलाला राज्याबाहेरच्याही शाळेत जाता येते, आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. परंतु कोप्यांजवळची, म्हणजे ऊसतोड कुटुंबांच्या झोपड्यांजवळची, शाळा कानडी माध्यमाची असेल, तर तिसरीतल्या मराठी मुलाला हा हक्क कागदावरच मिळतो. म्हणून हंगामी वसतिगृह, म्हणजे आईवडील फडावर असताना मुलांच्या जेवणाची व मुक्कामाची गावातच केलेली सोय, हाच अधिक खरा उपाय ठरतो. मात्र कुटुंबांच्या गाड्या गेल्यावर मंजुरी आली तर तिचा उपयोग शून्य. जिल्हा परिषदेने स्थलांतरितांच्या याद्या व वसतिगृहांची मंजुरी दिवाळीपूर्वीच पूर्ण करावी.