सवड मिळाली की…

नोकरीतून मोकळे झालो की कादंबरी पुरी करू, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की पेटी पुन्हा बाहेर काढू, असे म्हणणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांची कळकळ खरी असते. पण त्या बोलण्यामागचा सिद्धान्त तपासून पाहायला हवा. निर्मितीला सलग सवड लागते, स्फूर्तीची वाट पाहावी लागते आणि मुदतीच्या धाकाने केलेले काम हिणकस उतरते, असा तो सिद्धान्त आहे. मराठीचा स्वतःचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

आधी सवडीचा मुद्दा. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह 1962 साली आला, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. भोंगा, चाळ, युनियन, शाळा हे सगळे वजा केले तर त्यांच्या कवितेत काय उरेल? पोटापाण्याच्या धबडग्यानेच तिला विषय दिला आणि भाषाही दिली. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवत होते, आणि त्याच काळात 'आरती प्रभू' या नावाने त्यांच्या कविता 'सत्यकथे'त पोहोचल्या.

मुदतीने दर्जा घसरतो, या आक्षेपाला 'गीतरामायण' हे सर्वांत ठाम उत्तर आहे. 1 एप्रिल 1955, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला एक नवे गीत हवे, तेही कथेच्या ओघात नेमक्या जागी बसणारे. ग. दि. माडगूळकरांनी ते लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकांकडून बसवून घ्यायचे आणि ठरल्या वेळी प्रक्षेपित करायचे. हे दोघे तेव्हा काही रिकामे नव्हते. चित्रपटांची कामे अंगावर होतीच. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून मालिका लांबली आणि गाणी 56 झाली. पंचांगानेच काम वाढवले, तरी ते पुरे झाले. एखाद्या आठवड्यात स्फूर्ती आली नाही तर काय, असा प्रश्न तिथे कुणाला परवडणाराच नव्हता, कारण श्रोते रेडिओ लावून बसलेले असत. इतक्या घाईत तयार झालेली ही गीते आज तिसरी-चौथी पिढी गाते आहे. त्यांना हिणकस म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

अर्थात, मुदतीचे तोटे नाहीत असे नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यात क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. त्या जागोजागी पसरट झाल्या, काही तर अपुऱ्याच राहिल्या. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. 'पण लक्षात कोण घेतो' ही विधवांच्या दुःखाची कादंबरी त्याच साप्ताहिकाच्या पानांतून वाचकांपर्यंत गेली. निर्दोष कादंबरीची वाट पाहत आपटे बसले असते, तर ती केव्हा लिहून झाली असती कोण जाणे.

1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून संपादकाच्या तगाद्याने किती कथा पूर्णत्वाला गेल्या असतील! पुण्यात 1963 पासून चालणारी पुरुषोत्तम करंडक स्पर्धाही याच जातीची. कॉलेज सांभाळून संध्याकाळी तालमी करणाऱ्या मुलांना प्रयोगाची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून एकांकिका उभी राहते. सवडीपेक्षा ठरलेली तारीख आणि वाट पाहणारे कोणीतरी यांचीच गरज मोठी आहे.

खरा बिकट आक्षेप मात्र वेगळाच आहे. ज्यांना दिवसाची अर्धी घटकाही स्वतःची मिळत नाही, त्यांनी काय करावे? इथे बहिणाबाई चौधरींचा दाखला फार सहज दिला जातो: शेतात आणि जात्यावर राबतानाच त्यांना ओव्या सुचल्या, मग तुम्हाला का नाही? हा दाखला अर्धवट आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी कविता उतरून घेतल्या, म्हणून काही वाचल्या. आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला, म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघाले. तोवर बहिणाबाई जाऊन वर्ष होत आले होते. उतरून घेतल्या गेल्या नाहीत, त्या कविता कायमच्या गेल्या. कष्टातून काव्य उगवते हे खरे, पण ते टिकायला दुसऱ्याचा हात लागतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा चौथा भागही त्यांच्या निधनानंतर मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला.

म्हणून हे सांगणे लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांइतकेच त्यांच्या घरच्यांनाही आहे. आई, बायको, सून किंवा थकून आलेला मुलगा काही करू पाहत असेल, तर त्यांना संध्याकाळचा एक तास रोज मोकळा करून द्या. त्या वेळची भांडी, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आपल्याकडे घ्या. आणि महिनाअखेरीला, काय झाले ते वाचून दाखव, असे आग्रहाने म्हणा.