पिन माफ, मग जबाबदारी कोणाची?

कार्ड यंत्राला नुसते टेकवायचे आणि पैसे चुकते, ही सोय आता अंगवळणी पडली आहे. 1 जानेवारी 2021 पासून रिझर्व्ह बँकेने पिनशिवायच्या अशा व्यवहाराची मर्यादा 2000 रुपयांवरून 5000 रुपयांवर नेली. रांगा लवकर सरकतात, सुट्या पैशांची कटकट नाही. ही सोय हवीच. मात्र पिन हा ग्राहकाच्या हातातला अडसर होता. तो काढून घेतला, तर हरवलेल्या कार्डावरून झालेल्या नुकसानीचा भारही बँकांनीच उचलला पाहिजे.

आजवर कार्डातील प्रत्येक मोठ्या बदलाने गैरवापर अवघड केला. सही गिरवता येत असे आणि चुंबकीय पट्टीची नक्कल करता येत असे. म्हणून पिन आला, आणि जुनी कार्डे 2018 अखेरपर्यंत बदलून चिपची कार्डे देण्याचा आदेश बँकांना मिळाला. टॅपच्या व्यवहारातही चिप दरवेळी नवा संकेत तयार करते आणि कार्ड यंत्राच्या अगदी जवळ न्यावे लागते. त्यामुळे गर्दीत कोणी खिशाजवळून पैसे उडवील, ही भीती अवाजवी आहे. खरा धोका साधा आहे: कार्ड हरवले, तर ते बंद होईपर्यंत ज्याच्या हाती कार्ड, त्याच्या हाती पैसे.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांनुसार त्रयस्थाच्या चुकीमुळे झालेली फसवणूक बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर ग्राहकाला झळ लागत नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी. पाकीट चोरीला जाणे हा निष्काळजीपणा मानायचा का? पिन कोणाला सांगितला, असा ठपका ठेवावा तर इथे पिन लागतच नाही. युरोपीय संघात एका टॅपला 50 युरोंची मर्यादा आहे. शिवाय एकूण 150 युरो किंवा सलग पाच व्यवहार झाले की पुन्हा ओळख पटवावी लागते. आपल्याकडेही असे एकसमान बंधन हवे.

भरपाईची हमी दिली तर खोट्या तक्रारी वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. पण व्यवहाराची वेळ, दुकान आणि रक्कम यांची नोंद बँकेकडेच असते आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार 2017 पासून तिच्यावरच आहे. सारखा पिन मागितला तर सोय संपेल, हा दुसरा आक्षेप. पाच व्यवहारांतून एकदा पिन टाकल्याने कोणाचा खोळंबा होत नाही.

म्हणून पिनशिवायच्या व्यवहारातील नुकसान, ग्राहकाची लबाडी सिद्ध होत नाही तोवर, बँकेचेच, हे रिझर्व्ह बँकेने निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. तोपर्यंत ग्राहकांनी आपल्या हक्काचा वापर करावा. टॅपची सुविधा चालू-बंद करण्याची आणि तिची मर्यादा ठरवण्याची सोय देणे बँकांवर 2020 पासून बंधनकारक आहे. आपली मर्यादा किती आहे, हे आजच तपासा आणि गरजेपुरतीच ठेवा.