अधिकृत म्हणजे अस्सल नव्हे

गेल्या गणपतीत माकुणसारला घरी गेलो तेव्हा माझ्या धाकट्या चुलत भावाच्या अंगात १९९२च्या वर्ल्ड कपची जर्सी होती. गडद निळी, खांद्यांवर रंगीत पट्टे, पाठीवर १० नंबर. पालघरला एका ठेल्यावरून अडीचशे रुपयांत घेतलेली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, ही फर्स्ट कॉपीपण नाही, थर्ड कॉपी आहे." सगळे हसले. तोही हसला. आरतीला मात्र शर्ट बदलून आला.

माझ्या बॅगेत तीच जर्सी होती. दोन हजार आठशेला ऑनलाइन घेतलेली 'ऑथेंटिक रेप्लिका', होलोग्राम लावलेली, खोक्यात अस्सलपणाचं प्रमाणपत्र. दाखवायला म्हणूनच आणली होती, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी भावाने दोन्ही जर्सी ओटीवर शेजारी शेजारी पसरल्या. तो बोईसरला एमआयडीसीत, कापड रंगवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. त्याने त्या उलट्या केल्या, शिवण बघितली, कापड चिमटीत धरून ताणलं. म्हणाला, "दादा, दोन्ही पॉलिस्टर. दोन्ही सब्लिमेशन. तुझी जरा जाड आहे, एवढंच." मग मला समजावलं. डिझाइन आधी कागदावर छापतात. तो कागद कापडावर ठेवून साधारण दोनशे अंशांवर दाबतात. शाईची वाफ होते आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर हा रंग धरत नाही. म्हणून सब्लिमेशनने छापलेली 'रेट्रो' जर्सी पॉलिस्टरचीच असणार, मग मूळ शर्ट कशाचा का असेना. आणि मूळ शर्टाचं कापड काय होतं, हे माझ्या प्रमाणपत्रावर कुठेच नव्हतं. पाच वर्षं कोड लिहून पगार घेणाऱ्या मला हे ऐकून घ्यावं लागलं.

आता तो १० नंबर. १९९२च्या वर्ल्ड कपमध्ये खेळाडूंच्या पाठीवर नाव होतं, नंबर नव्हता. वर्ल्ड कपमध्ये नंबर आले ते १९९९ साली. म्हणजे 'सचिनची ९२ची जर्सी' म्हणून मी जी घेतली, तशी जर्सी सचिनने त्या वर्ल्ड कपमध्ये घातलीच नाही. ही चूक अडीचशेच्या जर्सीत होती आणि दोन हजार आठशेच्या जर्सीतही होती. मधले साडेपंचवीसशे गेले होलोग्रामला आणि खोक्याला.

माझं भांडण इथे सुरू होतं. आपण 'अधिकृत' आणि 'अस्सल' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरायला लागलोय. अधिकृत म्हणजे ज्याच्याकडे बोधचिन्हाचा हक्क आहे त्याला पैसे देऊन परवाना घेतलेला माल. तो सरळ व्यवहार आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्या परवान्याने कापड, कॉलर, शिवण, साल यातलं काहीही सिद्ध होत नाही. अस्सल नक्कल ही वेगळी गोष्ट आहे. (हो, हे दोन शब्द शेजारी बसू शकतात.) मूळ वस्तू समोर ठेवून बनवलेली, आणि जिथे जमलं नाही तिथे 'जमलं नाही' असं लिहिणारी नक्कल.

सगळ्यात मोठी थाप १९८३ची. त्या सालाच्या नावाने निळे टी-शर्ट विकले जातात आणि आपण ते घालून स्टेडियममध्ये जातो. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर भारताने १८३ केले आणि वेस्ट इंडीजला १४०वर गुंडाळलं, ते पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूने. रंगीत कपड्यांचा पहिला वर्ल्ड कप १९९२चा. फोनवर त्या फायनलचा एक फोटो उघडला तरी कळतं. पण आपण फोटो उघडत नाही, 'बाय नाऊ' दाबतो.

२७ नोव्हेंबर २०२०ला भारतीय संघ सिडनीत १९९२च्या धर्तीची जर्सी घालून उतरला. छातीवर ठळक अक्षरांत बायजूज. मला ती जर्सी आवडली, अजूनही आवडते. पण ती आठवण आहे, नक्कल नव्हे. (पुढे याच बायजूजकडच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीसाठी क्रिकेट मंडळाला दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जावं लागलं. त्या काळाची म्हणून ती जर्सी अगदी अस्सल!)

हे काम नीट करता येतं. जुन्या काळी बेसबॉलचे शर्ट लोकरी फ्लॅनेलचे असत. फिलाडेल्फियाच्या मिचेल अँड नेस या १९०४च्या कंपनीने ऐंशीच्या दशकात तसेच शर्ट लोकरी फ्लॅनेलमध्ये पुन्हा बनवले. सिएटलची एबेट्स फील्ड फ्लॅनेल्स १९८८पासून तशाच टोप्या आणि शर्ट बनवते. स्वस्त नाहीत, पण पैसे कापडात गेलेले असतात. आपल्याकडे काय कमी आहे? सुती पांढरे शर्ट, वेणीच्या विणीचे स्वेटर, गावसकरांची पांढरी गोल हॅट आणि हेल्मेटऐवजी त्यांनी स्वतः बनवून घेतलेली ती कवटीटोपी. ती कुणी मापात बनवून विकली तर रांगेत पहिला मी असेन.

कुणी म्हणेल, बनावट माल घेतला की खेळाचं नुकसान होतं. परवान्याशिवाय बोधचिन्ह छापणं चूकच आहे, ठेलेवाल्याचंही. पण मग तेवढंच म्हणा. खांद्यावरचे पट्टे आज कुणाच्या मालकीचे नाहीत. आपल्या डिझाइन कायद्यात नोंदवलेल्या डिझाइनलाही जास्तीत जास्त १५ वर्षांचं संरक्षण मिळतं. आणि 'फेक' हा शब्द आपण कुणाला मारतो ते बघा. लोकलमधल्या पोराला, गावातल्या भावाला. दोन हजार आठशेला खोटा इतिहास विकणाऱ्याला आपण पाच स्टार देतो. मीही दिले होते.

पाठीवरच्या आकड्याचं आपल्याला भलतंच वेड आहे. शार्दूल ठाकूर आमच्याच तालुक्यातला, माहीमचा. ऑगस्ट २०१७मध्ये कोलंबोत पहिली वनडे खेळताना त्याने १० नंबर घातला, तर लोकांनी त्याला सोशल मीडियावर धुऊन काढलं. पुढे त्याने ५४ घेतला. ज्यांना १० नंबर इतका पवित्र, त्यांना तो ९२च्या पाठीवर नव्हता हे ठाऊक नसावं, याचा मला आजही राग येतो.

परतण्याआधी काकांनी कपाटातून एक शर्ट काढला. गावच्या संघाचा, १९९४चा. पांढरा, कॉलरचा, गावातल्या शिंप्याने शिवलेला. पाठीवर गावाचं नाव पेंटरने ब्रशने रंगवलेलं. मी म्हणालो, "वा, शुद्ध कॉटन!" भावाने हात फिरवला. "टेरीकॉट आहे, दादा."

मे महिन्याच्या टुर्नामेंटला जुन्या संघाचा एक सामना ठेवलाय. त्यासाठी तसेच चौदा शर्ट शिवतोय. टेरीकॉट मिळालं. ब्रशने अक्षरं काढणारा पेंटर शोधून सापडला नाही, त्यामुळे नाव स्क्रीन प्रिंटने छापणार. कॉलरच्या आत लेबल असेल: 'मूळ शर्ट १९९४, ही नक्कल. अक्षरं मूळ ब्रशची, इथे छापील.' अडलंय एकाच गोष्टीवर. मूळ शर्टावर पेंटरने गावाचं नाव 'मकुणसार' असं लिहिलंय, काना खाऊन. भाऊ म्हणतो, आहे तसंच छापायचं. काका म्हणतात, तेव्हा पंधरा जणांनी पेंटरला शिव्या घातल्या होत्या, आता परत त्याच चुकीचे पैसे द्यायचे का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान लावलंय. काल रात्रीपर्यंत सात-सात.