'आपण' की 'आम्ही'?

ऐकणाऱ्याला सोबत घ्यायचे असेल तर 'आपण', वगळायचे असेल तर 'आम्ही', असा भेद मराठीत आहे. इंग्रजीतल्या 'वुई'ला तो करावा लागत नाही. जगाच्या दुःखाविषयी बोलणाऱ्या तारे-तारकांचे राजकारण या संदिग्ध सर्वनामावरच उभे आहे, असे आमचे मत आहे.

१९८४ साली इथिओपियातील दुष्काळाची दृश्ये दूरचित्रवाणीवर आली. बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी गायक जमवून 'बँड एड'चे नाताळगीत काढले. १९८५ मध्ये अमेरिकेतून 'वुई आर द वर्ल्ड' आले, आणि १३ जुलैला लंडन व फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड'चे जलसे झाले. त्यातून पैसा जमला, अन्न पोचले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु नाताळगीताचे शीर्षकच विचारत होते की, 'त्यांना' नाताळ आल्याचे ठाऊक आहे काय? इथिओपियाच्या राजसत्तेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात! तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो, इतकेच.

गीतांनी जे वगळले ते याहून गंभीर आहे. पाऊस हुकला होता हे खरे. पण तिग्रे व इरिट्रियात मेंगिस्तू यांच्या लष्करी राजवटीचे बंडखोरांशी युद्ध चालू होते आणि अन्न अडवणे हे त्या युद्धातले एक शस्त्र होते. उत्तरेतल्या लाखो लोकांना दक्षिणेत हलवण्यात आले, पुष्कळांना सक्तीने. त्याविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेला डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. गाण्यांत दुष्काळ होता. तो लादणारे मात्र कुठेच नव्हते. त्यांचे नाव घेतले असते तर बाजू घ्यावी लागली असती, आणि मग सारे जग एका सुरात गाते ना!

मग प्रसिद्धीचा उपयोगच नाही का? आहे. जानेवारी १९९७ मध्ये राजकन्या डायना अंगोलात सुरुंगांच्या पट्ट्यातून चालत गेल्या. सुरुंगबंदीची बाजू घेतल्याबद्दल ब्रिटिश सरकारातील एका कनिष्ठ मंत्र्याची नाराजीही त्यांनी ओढवून घेतली. त्याच डिसेंबरात ओटावा करारावर सह्या झाल्या. मात्र ती मागणी त्यांनी निर्माण केलेली नव्हती. १९९२ पासून एक आंतरराष्ट्रीय मोहीम ती लावून धरत होती, आणि सुरुंगांनी पाय गमावलेली माणसे तीत स्वतः बोलत होती. प्रसिद्धी तिथे त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांच्या जागी नव्हे.

निवेदक कोणाविषयी आणि कोणाच्या वतीने बोलतो, हे आम्ही वर्गात प्रत्येक कादंबरीला विचारतो. मग जलशांनाच ती सूट का द्यावी? 'वुई आर द वर्ल्ड' या शीर्षकाचा अनुवाद विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावा. 'आपण' लिहिताना त्यांचा हात अडखळला, तर तो दोष अनुवादकाचा मानू नये.