मिनिमल टेक्नो बर्लिनचा? ‘मिनिमल नेशन’ची साक्ष वेगळी आहे

१/ मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या आपल्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. त्या नोंदीत गैर काही नाही. या शहराने हे संगीत तीन दशके जिवापाड जपले. गैर आहे तो एक रूढ समज: टेक्नो, त्यातही त्याचे ‘मिनिमल’ रूप, ही जर्मन काटेकोरपणाची निर्मिती होय. हा समज पुराव्यापुढे क्षणभरही टिकत नाही.

२/ पुरावा १९९४ चा आहे आणि तो अमेरिकेतील डेट्रॉइटचा आहे. रॉबर्ट हूड या कृष्णवर्णीय संगीतकाराचा ‘मिनिमल नेशन’ हा संच त्या वर्षी जेफ मिल्स यांच्या ‘ॲक्सिस’ या लेबलने प्रसिद्ध केला. युरोपातील रेव्ह-संगीत तेव्हा दिवसेंदिवस अधिक वेगवान आणि गोंगाटी होत चालले होते. हूड यांनी नेमकी उलटी वाट धरली.

३/ या संचात ढोलाचा एकसारखा ठोका आहे, झांजेचा बारीक कातर नाद आहे आणि सिंथेसायझरची एक आखूड स्वराकृती आहे. ती मिनिटानुमिनिटे परत येत राहते. तबल्याच्या एकलवादनातील लेहरा ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे परके वाटू नये. फरक एवढाच की तिथे लेहरा स्थिर राहून तबला बोलतो; इथे ठोका स्थिर असतो आणि स्वराकृतीचा पोत तिळातिळाने बदलतो.

४/ ही काटकसर कुठून आली? उत्तर शहराच्या इतिहासात शोधावे लागते. १९१३ मध्ये फोर्ड कंपनीने हायलँड पार्क येथे मोटारींच्या जुळणीची सरकती साखळी सुरू केली आणि डेट्रॉइटचा परिसर यंत्रयुगाची राजधानी ठरला. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. १९९० मध्ये ती १०,२७,९७४ उरली. चाळीस वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसे घटली. कारखाने शहराबाहेर गेले आणि त्यांच्यामागून गोरा मध्यमवर्गही गेला. कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक बॉटम’सारख्या वस्त्या द्रुतगती मार्गासाठी जमीनदोस्त झाल्या. जुलै १९६७ च्या उठावात ४३ जण मृत्युमुखी पडले. ज्या मोटाऊन कंपनीने शहराचे नाव जगभर गाजवले, तीही १९७२ मध्ये लॉस एंजलिसला निघून गेली. मागे उरले रिकामे कारखाने आणि काही जिद्दी तरुण. रोलँड कंपनीची ड्रम-मशीन बाजारात अपयशी ठरून बंद पडली होती आणि जुन्या मालात स्वस्त मिळत होती. या तरुणांनी तीच हाताशी धरली. या इतिहासाकडे पाठ फिरवून ‘मिनिमल’ला केवळ सौंदर्यशास्त्रीय संयम म्हणणे ही निव्वळ बेफिकिरी आहे.

५/ शीर्षकातील ‘नेशन’ हा शब्दही लक्षात घ्यावा. हूड हे ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या डेट्रॉइटच्या लढाऊ गटाच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक. गटात त्यांचे पद होते ‘माहितीमंत्री’. ब्लॅक पँथर पक्षात हेच पद एल्ड्रिज क्लीव्हर यांच्याकडे होते. (याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) अशा गटातून आलेल्या माणसाच्या संगीताला ‘राजकारणविरहित’ कसे म्हणणार?

६/ आता बर्लिनची साक्ष. भिंत १९८९ मध्ये कोसळली. १९९१ मध्ये लाइपत्सिगर रस्त्यावरील व्हेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरी-खोल्यांत ‘ट्रेसॉर’ हा क्लब सुरू झाला. ट्रेसॉर म्हणजेच तिजोरी. क्लबने त्याच नावाचे लेबल काढले. त्याची पहिली तबकडी कोणाची? ‘एक्स-१०१’ची, म्हणजे माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांची. तिघेही डेट्रॉइटचे. १९९३ च्या संकलनाच्या नावातच ‘बर्लिन-डेट्रॉइट’ युतीचा उल्लेख आहे. तेव्हाचे बर्लिन हे ऋण उघडपणे मान्य करत होते. त्याचा विसर नंतरच्यांना पडला.

७/ प्रतिवाद ठरलेला आहे: क्राफ्टवेर्कचे काय? ऋण खरेच आहे. डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या निवेदकाने क्राफ्टवेर्क घराघरांत पोहोचवले. पण क्राफ्टवेर्क ड्युसेलडॉर्फचे, बर्लिनचे नव्हे. आणि तोच निवेदक पार्लमेंट-फंकाडेलिकही तितक्याच प्रेमाने वाजवत असे. हूड एकटे नव्हते, हेही मान्य करावे. नदीपलीकडे कॅनडातील विंडसरमध्ये रिची हॉटिन त्याच काळात ‘प्लास्टिकमन’ या नावाने ध्वनी सोलून काढत होते. बर्लिनमध्ये ‘बेसिक चॅनल’ही होते. तरीही ‘बर्लिनने निर्माण केले’ हे विधान यातून सिद्ध होत नाही.

८/ विसर पडण्याचे कारण फारसे गूढ नाही. २००० नंतर ‘मिनिमल’ हा जर्मन क्लबांचा परवलीचा शब्द झाला, कलाकार तिकडे स्थायिक झाले आणि स्वस्त विमानांनी पर्यटक आले. डेट्रॉइटने मात्र जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. जिथे पैसा आणि श्रोते गेले, तिथेच उगमही असणार, असे लोकांनी गृहीत धरले.

९/ ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी या क्रमाने ऐकावे: ‘एक्स-१०१’ (१९९१), मग ‘मिनिमल नेशन’, आणि शेवटी त्याच वर्षी ट्रेसॉरनेच काढलेला हूड यांचा ‘इंटर्नल एम्पायर’. ‘मिनिमल नेशन’मधील एका रचनेचे नाव ‘म्युझियम’ आहे. तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.