घाबरताय? मग आधी हिशेब मांडा

रात्री एक वाजता मोबाइलवर एक दादा ओरडून सांगत होता, ‘‘भीती फेकून द्या, नोकरी सोडा, स्वप्न जगा!’’ मागे ढोल वाजतायत, दादा महागड्या गाडीला टेकून उभा. माझ्या रूममेटने ते रील तीन वेळा पाहिलं आणि फोन पालथा टाकून म्हणाली, ‘‘मी ना, भित्रीच आहे.’’

मला दादाचा राग आला. खरंच.

ही मुलगी परभणीकडच्या एका गावातून पुण्यात आलेली. बी.कॉम. झालं, हिंजवडीत नोकरी लागली, पगार २२ हजार. कॉलेजात असताना एकांकिकांचे लाइट्स करायची. अंधारात बसून एका माणसाच्या चेहऱ्यावर नेमका कधी आणि किती उजेड पडायला हवा, हे तिला जसं कळतं तसं मला अजून वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही कळत नाही. तिला प्रकाशयोजनाच करायची आहे, पूर्णवेळ. आणि तिला भीती वाटते. पण घरी सोयाबीनच्या भावावर वर्ष ठरतं, मोठ्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. अशा घरातली मुलगी नोकरी सोडायला घाबरते, तेव्हा ती भित्री नसते. तिला बेरीज-वजाबाकी येत असते, एवढंच.

आपल्याकडे धाडसाच्या गोष्टी सांगताना हा भाग कायम गाळला जातो. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण घ्या. ‘डॉक्टरकी सोडून नाटकात गेले’, एका वाक्यात आपण मोकळे! पण ते कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि मेडिकलला असल्यापासून नाटक करत होते. प्रॅक्टिस चालू, पीडीएची नाटकंही चालू. पूर्णवेळ नट व्हायचा निर्णय त्यांनी घेतला तो १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे उडी मारण्याआधी वर्षानुवर्षं हा माणूस पाण्याचा अंदाज घेत होता. याला कोणी भित्रेपणा म्हणेल का?

आणि कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला होता, टीसी म्हणून. पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ मिळालं तेव्हाही तो रेल्वेचा कर्मचारीच होता. स्वप्नासाठी त्याने नोकरी सोडली नाही, नोकरीच्या आधाराने स्वप्न धरून ठेवलं.

त्याची मला जास्त आवडणारी गोष्ट मात्र पॅरिसची नाही, त्याच्या आदल्या वर्षीची आहे. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये वैयक्तिक फायनलला तो आघाडीवर होता. मग एक नेम ७.६ वर बसला. या खेळात एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात आणि फायनलला पोहोचलेले नेमबाज दहाच्या खाली गेले तरी हळहळतात. ७.६ म्हणजे कोसळणंच. पदक गेलं, चौथा नंबर. विचार करा, त्यानंतर रोज सकाळी रायफल उचलताना तो आकडा डोक्यात येत नसेल? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या फायनलमध्येही तो सुरुवातीला मागेच होता. उभं राहून नेम धरायच्या टप्प्यात, म्हणजे हात सगळ्यात जास्त थरथरतात त्या टप्प्यात, तो वर चढत गेला. ४५१.४ गुण, ब्राँझ.

महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी. खाशाबांच्या १९५२ च्या हेलसिंकीवारीची एक गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मला या गोष्टीत खाशाबांइतकेच खर्डेकर सर दिसतात. धाडस एकट्याचं नसतं हो! कुणीतरी मागे स्वतःचं घर गहाण टाकून उभं असतं. रीलमधला दादा आपल्याला धाडस करायला सांगतो, पण गहाण काय टाकणार ते बोलत नाही.

तर त्या रात्री आम्ही वही काढली. कॉट बेसिसवरच्या रूमचं भाडं ४,५००, मेस ३,२००, बस-मोबाइल-किरकोळ २,३००, घरी पाठवायचे ६,०००. एकूण १६ हजार. शिल्लक सहा. सहा महिने एक रुपयाही कमावला नाही तरी चालावं, यासाठी लागतात ९६ हजार. म्हणजे १६ महिने. तिने तो आकडा तीन वेळा तपासला आणि म्हणाली, ‘‘एवढंच?’’

काही जण म्हणतील, असे हिशेब करत बसलं की वय निघून जातं. बरोबर आहे. हिशेबाआड लपणारे लोकही असतातच, मी स्वतः त्यांच्यातली आहे. कारण एक भीती अशी आहे जिचा हिशेब मांडताच येत नाही. हसं होण्याची भीती.

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला एका पत्रकार परिषदेला पाठवलं होतं. प्रश्न वहीत लिहून नेला होता. हात वर करायचा, बस्स. पण आजूबाजूला सगळे सिनिअर, माझा मराठी मीडियमचा इंग्रजी उच्चार, घसा कोरडा. पाच मिनिटांनी तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला आणि दुसऱ्या दिवशी त्याच उत्तराची हेडलाइन झाली. त्या दिवशी माझं भाडं अडलं नव्हतं, घरी कर्ज नव्हतं, माझ्याकडे कुठलीच सबब नव्हती. पुढच्या वेळी विचारला. आवाज फाटला, समोरचे साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, ते प्रेसनोटमध्येच आहे.’’ मागून दोघं हसले. कान लाल झाले माझे. बाहेर चहाच्या टपरीवर त्यातलाच एक विचारत होता, ‘‘तू कुठल्या पेपरची?’’ त्याला काही आठवतही नव्हतं!

खिशातल्या भीतीला वेळ द्यावा लागतो, या दुसऱ्या भीतीला वेळ दिला की ती माजते. आपली नेमकी कुठली आहे, एवढं तरी स्वतःशी खरं बोलायला हवं.

रूममेटने कपाटाच्या दारावर १६ आकडा लिहून ठेवलाय. दर पगाराला एक खोडते. सध्या ११ आहे. शनिवार-रविवार एका प्रकाशयोजनाकाराकडे शिडी धरायला आणि केबल गुंडाळायला जाते, फुकट. घरी मात्र अजून काहीच सांगितलेलं नाही. वडील हसतील, असं तिला वाटतं. ओरडले तर चालेल, पण हसले तर? दिवाळीच्या सुट्टीत सांगायचं ठरलंय. परभणीची दोन तिकिटं काढलीत आम्ही.