श्रेय कोचचं की पोरांचं?

परवाच्या शनिवारी घरी, जव्हारला गेलो होतो. संध्याकाळी मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर कबड्डीचे सामने होते. भातकापणी उरकली की आमच्याकडे हे सुरू होतं. तांबड्या मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा, दोन बांबूंना टांगलेले हॅलोजन आणि मागे घरघरणारा जनरेटर. माईकवरचा माणूस दर दोन मिनिटांनी प्रमुख पाहुण्यांचं आगमन झाल्याचं सांगत होता. पाहुणे मात्र सेमीफायनल संपेपर्यंत आले नाहीत. असो.

त्या पाड्याची टीम मी शाळेत असल्यापासून बघतोय. पकडीला भारी, चढाईला बोंब. एक कोणीतरी दांडगा पोरगा चढाई करणार आणि तो बाद झाला की बाकीचे सहाजण एकमेकांची तोंडं बघणार. या वेळी मात्र चित्रच वेगळं होतं. चार वेगवेगळी पोरं चढाईला जात होती आणि चौघंही गुण घेऊन येत होती. टीम फायनलला पोचली. बाजूला विचारलं तर कळलं, शाळेतले गणिताचे सर गेली दोन वर्षं शाळा सुटल्यावर पोरांचा सराव घेतात.

मी म्हटलं, "मग सरांनीच केलं की हे!" यावर माझा शाळेतला मित्र उसळला. "सर काय चढाई करतात का? पोरं आधीपासूनच चांगली होती. सर नुसते शिट्टी वाजवतात."

घरी येईपर्यंत आमचा वाद चालला. गंमत म्हणजे हाच वाद मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये पुणेरी पलटणवरून डझनभर वेळा ऐकलाय. तिथेही हेच वाक्य, फक्त जरा इस्त्री केलेलं: "मैदानात खेळतात ते खेळाडू. कोच ओव्हररेटेड असतो."

माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य आळशी आहे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी आपल्या लोकांना हे वाक्य एवढं का आवडतं ते बघू. आपण आयटीवाले. रात्री दोनला प्रॉडक्शनचा बग आपण सोडवतो आणि सकाळी क्लायंटच्या कौतुकाच्या मेलमध्ये मॅनेजरचं नाव असतं. मीही हे भोगलंय. त्यामुळे बाहेर उभा राहून हातवारे करणारा कुठलाही माणूस दिसला की आपल्याला तो मॅनेजरच वाटतो. राग समजण्यासारखा आहे. पण आपला राग हा पुरावा नसतो. :)

आता पुरावा. मराठी माणसाला जवळची केस म्हणजे पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या सातव्या हंगामात, २०१९ साली, पलटण बारा संघांत दहावी होती. दहाव्या हंगामात तीच पलटण साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकली, फक्त २ हरली, ९६ गुणांनी पहिली आली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. कोच होते कर्नाटकचे बी. सी. रमेश. ते नवव्या हंगामात, म्हणजे २०२२ साली आले. सरळ हिशोब: रमेश आले, टीम सुधारली, श्रेय रमेश यांचं. बरोबर?

नाही. इतकं सोपं नाहीये ते, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूने बोलणार आहे.

पहिली गोष्ट. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे पलटणच्या चढाईचे दोन खांब. त्यांना रमेश यांनी शोधलेलं नाही. दोघंही आठव्या हंगामात, अनुप कुमार कोच असताना पुढे आले. राहुल चौधरी आणि नितीन तोमर या नावाजलेल्या चढाईपटूंची जादू चालेना, तेव्हा या दोन नवख्या पोरांनी टीम प्लेऑफपर्यंत ओढत नेली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लमला चढाई शिकवण्याचं श्रेय रमेश यांना देणं हा सरळसरळ अन्याय होईल.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. दहाव्या हंगामासाठी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजून इराणचा मोहम्मदरेझा शादलुई घेतला. त्याने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण कमावले. आता तुम्ही म्हणाल, पकडीचा चढाईशी काय संबंध? खूप आहे. कबड्डीत पकड झाली की आपला बाद झालेला गडी परत आत येतो. म्हणजे अस्लम बाकावर बसला असेल आणि शादलुईने समोरच्याला लोळवलं, तर अस्लमला जीवदान मिळतं. शिवाय समोरचा एक गडी कमी होतो. पुढच्या चढाईला जाणाऱ्याचं काम तेवढं सोपं. कागदावर चढाई सुधारलेली दिसते, पण तिच्यामागे पकड असू शकते. एकाच रिलीजमध्ये दोन बदल टाकले आणि साईट वेगाने चालायला लागली, तर कुठल्या बदलामुळे वेग वाढला हे छातीठोकपणे सांगता येतं का? नाही ना. इथेही तसंच आहे.

मग कोचचं श्रेय मोजायचं तरी कसं? माझ्या मते एकच प्रामाणिक चाचणी आहे. मुख्य चढाईपटू नसताना काय होतं ते बघा.

कारण कोच ना चढाई करत, ना पकड. चढाईला कोण जाणार आणि कोणत्या क्रमाने, ही गोष्ट मात्र बरीचशी त्याच्या हातात असते. तीस सेकंदांची चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई कोणाच्या माथी मारायची? सगळ्यात भरवशाच्या माणसाला पाठवलं आणि तो गेला, तर पुढची दोन-तीन मिनिटं तुमची चढाई लंगडी. दुसऱ्याला पाठवायचं तर तो आधी तयार केलेला हवा. तयार करायचा म्हणजे त्याला साध्या सामन्यांत, लोक शिव्या घालत असताना, चढाईला पाठवायचं आणि अपयशी होऊ द्यायचं. हा निर्णय कुठल्याही खेळाडूला स्वतःपुरता घेता येत नाही. स्टारला वाटतं मीच जातो आणि नवख्याला वाटतं मला नको. तिसरा कोणीतरी बाहेर उभा असावाच लागतो.

एकाच चढाईपटूवर टीम चालवण्याचीही पद्धत आहे. पाचव्या हंगामात, २०१७ साली, पटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण केले आणि टीम विजेती झाली. असा प्रदीप तुमच्याकडे असेल तर खुशाल तसं खेळा. पण रोज कुठून आणणार?

आता ही चाचणी रमेश यांना लावू. १९ ऑक्टोबर २०१९, अहमदाबाद, सातव्या हंगामाची फायनल. रमेश तेव्हा बंगाल वॉरियर्सचे कोच. बंगालचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मनिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर. मोहम्मद नबीबक्ष आणि सुकेश हेगडे यांनी चढाईचा भार उचलला आणि बंगालने दबंग दिल्लीला ३९-३४ असं हरवलं. डिसेंबर २०२२, पलटणची सेमीफायनल तमिळ थलायवाजशी. अस्लम आणि मोहित दोघंही नाहीत. पंकज मोहितेने एकट्याने १६ गुण केले, पलटण ३९-३७ अशी जिंकली. फायनल मात्र जयपूरशी २९-३३ अशी हरली. पुढच्या हंगामात, २०२४ च्या फायनलमध्ये, तोच पंकज एका चढाईत चार गुण घेऊन आला आणि सामना फिरला. दहाव्या हंगामात चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचात पलटणचा एकही खेळाडू नव्हता. टीम पहिली, पण पहिल्या पाचात एकही नाही! ज्यांना आकडे कळतात त्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. अस्लम, मोहित, पंकज, नाशिकचा आकाश शिंदे, असं ते काम वाटलेलं होतं. ही वाटणी आपोआप होत नाही.

"मग अकराव्या हंगामात काय झालं?" हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. २०२४ च्या त्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लम जखमी झाला आणि रमेश कोच असूनही पलटण प्लेऑफपर्यंतसुद्धा पोचली नाही. हरियाणा विजेती झाली. म्हणजे श्रेयाला मर्यादा आहे. वाटणी करून ताकद टिकवता येते, नसलेली ताकद तयार होत नाही. आणि श्रेय घेतलंत तर हे अपयशही त्याच खात्यात मांडायला हवं. माझी त्याला ना नाही.

पुढे २०२५ साली रमेश बेंगळुरू बुल्सकडे गेले. आदल्या हंगामात शेवटची आलेली ही टीम साखळीत तिसरी आली. अर्थात इराणच्या अलीरेझा मिर्झाइयनच्या चढायांचा त्यात मोठा वाटा होता. इकडे अजय ठाकूर कोच झाल्यावर पलटणही साखळीत पहिली आली आणि फायनलमध्ये दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. म्हणजे रमेश गेल्याने पलटण कोसळली नाही. कोणी म्हणेल, बघा, कोच बदलला तरी काही फरक पडला नाही. मी उलट म्हणेन. चांगल्या कोचने बसवलेली घडी तो गेल्यावरही काही काळ टिकते, आणि नवा कोच शहाणा असेल तर ती विस्कटत नाही. टिकवण्याचं श्रेय अजय ठाकूरचं. चांगला कोड लिहिणारा राजीनामा देऊन गेला तरी कोड चालतोच. म्हणून त्याने काही केलंच नव्हतं, असं म्हणतो का आपण?

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. चढाईपटू घडवण्याचं श्रेय त्या पोराचं आणि त्याला मातीत पहिल्यांदा उतरवणाऱ्याचं. संधी वाटून देण्याचं आणि माणूस नसतानाही टीम चालती ठेवण्याचं श्रेय कोचचं. दोन्ही एकमेकांत मिसळू नका आणि एकाच्या नावाखाली दुसरं गिळू नका.

आता परत पाड्यावर येतो, कारण मला खरा राग तिथला आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडची किती घरं वीटभट्ट्यांवर जातात हे जव्हार-मोखाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. भिवंडी, वसई, जिथे काम मिळेल तिथे. पोरंही जातात. सामन्यांचा मोसम आणि स्थलांतराचा मोसम एकच. म्हणजे त्या पाड्याचा दांडगा चढाईपटू दर वर्षी ऐन वेळी गायब! मी लहानपणापासून बघत आलेली "चढाईला बोंब" ही त्यामुळे होती, हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या टाळक्यात शिरलं.

मी सरांना विचारलं, चार-चार चढाईपटू कसे तयार केले? ते म्हणाले, "त्यातले दोन तर भट्टीवर जाणारच. कोणते दोन ते मला आधी माहीत नसतं. म्हणून चार." गणिताचे सर आहेत शेवटी. या वर्षी तिघं गेले होते. शनिवारी खेळलेल्या चारपैकी तिघं गेल्या वर्षी राखीव होते आणि गेल्या वर्षी सरांनी त्यांना हरणाऱ्या सामन्यांत मुद्दाम चढाईला पाठवलं होतं. तेव्हा सगळ्या पाड्याने सरांना वेड्यात काढलं होतं. त्यात माझा मित्रही होता, हे त्याने घरी पोचल्यावर हळूच कबूल केलं.

म्हणजे माझी चाचणी सर दर वर्षी देतात. रमेश यांच्यासमोर निदान लिलाव आहे, फिजिओ आहे, व्हिडिओ बघणारी माणसं आहेत. सरांकडे एक शिट्टी आणि एक वही. वहीत कोण किती वेळा चढाईला गेला त्याचे उभे दांडे.

बक्षीस समारंभ झाला. पाहुणे एकदाचे आले, त्यांना शाल, श्रीफळ. ढाल कर्णधाराने घेतली, उत्कृष्ट चढाईपटूला रोख बक्षीस. दोन्ही योग्यच. आयोजकांची नावं झाली, जनरेटरवाल्याचंही नाव झालं. सरांचं नाव कोणी घेतलं नाही. ते गुणलेखकाच्या टेबलापाशी उभे राहून वही पिशवीत घालत होते.

टीव्हीवरच्या कोचला श्रेय जास्त मिळतं की कमी, यावर आपण तासन्‌तास घालवतो. चालेल. पण तो कोच लाखभर लोकांच्या डोळ्यांसमोर असतो, त्याचं नाव कोणीतरी घेतंच. शिक्षकाची बदली झाली की मात्र ती वही त्याच्याबरोबर जाते, आणि दोन वर्षांनी पुन्हा कोणीतरी म्हणतं, या पाड्याची चढाई कच्ची. "पोरं आधीपासूनच चांगली होती" या वाक्याची किंमत ही आहे. पोरं आधीपासूनच चांगली होती, हे खरंच. पण मग इतकी वर्षं हरत का होती, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

पुढच्या वर्षी सामने आहेत तेव्हा माईक मी मागणार आहे. जनरेटरवाल्याच्या आधी एक नाव घ्यायचं आहे.

ता. क. : मित्राने फोन करून सांगितलं की तो अजूनही सहमत नाही. पण पोरांच्या सरावासाठी जुने गुडघ्याचे पॅड कुठे स्वस्त मिळतील, हेही त्यानेच विचारलं.